ज्वारीच्या माल्टाचा गोड अर्क : उतारा कसा वाढवावा

ज्वारीला मोड आणून ती वाळविली व भरडली म्हणजे माल्ट तयार होते. माल्ट ऊन पाण्यात मुरविले असता त्यातील पिष्टाची साखर बनते व गोड अर्क मिळतो. हा अर्क आटवून काकवीसारखा पाक करता येतो. कन्नड तालुक्यातील पिशोर व आसपासच्या गावांत ज्वारी हे भाकरीचे जुने धान्य आहे. तथापि घरगुती रीतीने काढलेला तिचा अर्क पुष्कळदा फिका व गढूळ निघतो आणि बरेचसे सत्त्व चोथ्याबरोबर वाया जाते.

उतारा कमी पडण्याचे कारण

पिष्टाची साखर करणारी द्रव्ये, म्हणजे विकरे, मोड येताना दाण्यात तयार होतात. सातूचे पिष्ट सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस उष्णतेत फुलते आणि त्या उष्णतेत विकरेही काही काळ टिकतात. ज्वारीचे पिष्ट फुलण्यास मात्र सुमारे ७० ते ७५ अंश उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत महत्त्वाची विकरे लवकर नष्ट होतात. म्हणून सातूची रीत ज्वारीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

माल्ट तयार करणे

पांढरी, निरोगी व उगवणशक्ती चांगली असलेली ज्वारी घ्यावी. ती सुमारे २० तास भिजवावी व मधून दोन-तीन वेळा पाणी बदलावे. नंतर ओल्या गोणपाटाखाली तीन ते चार दिवस मोड आणून उन्हात खडखडीत वाळवावी. वाळल्यावर चोळून मोड व मुळ्या पूर्णपणे काढून टाकाव्यात. ज्वारीच्या कोवळ्या धाटांनी जनावरे दगावतात. ज्या द्रव्यापासून ते विष निर्माण होते, तेच या मोडांतही असते. त्यामुळे काढलेले मोड जनावरांनाही घालू नयेत. बुरशी आलेले माल्ट फेकून द्यावे.

अर्क काढण्याची रीत

एक किलो माल्ट जाडसर भरडून चार लिटर कोमट पाण्यात कालवावे व पाऊण तास स्थिर ठेवावे. विकरे वरच्या पाण्यात उतरतात. हे निवळलेले पाणी सुमारे दोन लिटर अलगद ओतून बाजूस झाकून ठेवावे. खाली राहिलेल्या साक्यात एक लिटर पाणी घालून तो वीस-तीस मिनिटे ढवळत शिजवावा. पुढे तो ८० अंशांपर्यंत निवला म्हणजे राखून ठेवलेले पाणी त्यात मिसळावे. मिश्रण साधारण ६२ अंशांवर येते. भांडे घोंगडीत गुंडाळून दोन तास ठेवावे. या कामी उष्णतामापक अवश्य वापरावा.

एक चमचा मिश्रण बशीत निववून त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे असे समजावे. तपासलेला नमुना टाकून द्यावा.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात लाल ज्वारीचे ‘दोलो’ हे पेय करणाऱ्या स्त्रियाही असेच वरचे पाणी वेगळे ठेवतात. निवळण्यासाठी त्या भेंडीसारखा चिकट रस वापरतात. आपल्याकडे गुऱ्हाळात रसाची मळी काढण्यासाठी भेंडी वापरतात, त्यातलाच हा प्रकार होय.

अर्क परत फिरविणे

सातूच्या टरफलांचा थर स्वतःच गाळणी होतो. ज्वारीला तसे टरफल नसते. म्हणून तळाशी छिद्रे असलेल्या भांड्यात स्वच्छ फडके घालून त्यावर धुतलेल्या भाताच्या तुसाचा थर द्यावा व मग मिश्रण ओतावे. प्रथम निघणारा गढूळ अर्क ताटलीवरून हळूहळू परत थरावर सोडावा. अर्क स्वच्छ येईपर्यंत असे करावे. धार बारीक ठेवावी. जोराने ओतल्यास थर दबून गच्च होतो.

परत फिरविल्याने अर्क निवळतो, परंतु शिजण्यात राहिलेली उणीव त्याने भरून निघत नाही. चोथ्यात अडकलेली साखर मिळविण्यासाठी सुमारे ७५ अंशांचे पाणी दोन हप्त्यांत, दीड-दीड लिटर, घालून थर धुवावा. फिके लागणारे शेवटचे धुवण त्याच दिवशीच्या दुसऱ्या घाण्यास वापरावे; शिळे झाल्यास ते आंबते.

उताऱ्याची मोजणी

अर्काच्या वजनास ब्रिक्सच्या अंकाने गुणून शंभराने भागावे. उदाहरणार्थ, ५ किलो अर्काचा ब्रिक्स १० असल्यास त्यात ५०० ग्रॅम विरघळलेले सत्त्व आहे. १ किलो माल्टामागे हा उतारा शेकडा ५० झाला. प्रत्येक घाण्याची नोंद ठेवल्यास चूक कोठे झाली हे कळते.

सावधगिरी

अर्क लगेच उकळून आटवावा, कारण तसाच ठेवल्यास तो आंबून त्यात मद्य तयार होते. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे गुन्हा आहे. ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिक दाखविताना मोड काढणे व उष्णता मोजणे या दोन गोष्टींवर विशेष भर द्यावा. पहिलीने आरोग्य राखले जाते व दुसरीने उतारा वाढतो.