डोंगरी सायकलस्वाराची भूक

पुण्याच्या टेकड्यांवर डोंगरी सायकलीचा सराव करणारा तरुण पहांटे पुष्कळदां केवळ चहा घेऊन निघतो. अंग हलकें तर चढ सोपा, हा त्याचा हिशेब. परंतु तो निम्माच खरा आहे. स्नायू व यकृत मिळून सुमारें ५०० ग्रॅम ग्लायकोजेन सांठवितात. दोन तासांच्या कठोर चढउतारांत त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. मग पाय जड होतात, हात कांपूं लागतात, आणि अशा वेळीं उतारावर ब्रेक चुकणें म्हणजे हाड मोडून घेणें होय.

तीव्र श्रमानें भूक कांहीं काळ दबते. तीच रात्रीं व्याजासह वसुली करते. चिवड्याचा डबा रिकामा होतो आणि दोष मात्र हांवरेपणाला दिला जातो. वस्तुतः तें सकाळचें थकलेलें देणें असतें.

तें जागच्या जागीं फेडावें. निघतांना एक केळें खावें. फेरी लांबल्यास दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकें, म्हणजे सुमारें दोन केळीं, पोटांत जावींत. परततांच पोहे व दूध घ्यावें. मग रात्रीं नेहमींची भाकरी-आमटी पुरते. विश्रांतीच्या दिवशीं ताट थोडें लहान असावें. रिकामें मात्र कधींच नसावें.