पाठीतल्या पाण्याची साक्ष

भीमाशंकरच्या डोंगरातून तळेघर, डिंभे, घोडेगाव करत मंचर साठेक किलोमीटर आणि तिथून पुणे पुन्हा जवळपास तेवढंच. तापाने फणफणलेलं, मान ताठ झालेलं, टाळू फुगलेलं मूल या रस्त्याने न्यायचं असतं, तेव्हा जिवाणूजन्य मेंदूज्वराची शंका आलेल्या डॉक्टरने सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन देऊनच गाडी पुढे पाठवावी, हेच बरोबर. उशिराची किंमत मूल जिवाने किंवा कानांनी मोजतं. पण त्याच इंजेक्शनमुळे पुढची तपासणी अडते. पाठीतलं पाणी काढून कल्चरला लावायचं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायचे, ही जुनी आणि भरवशाची पद्धत. मात्र औषध अंगात गेल्यावर या आजाराच्या जंतूंपैकी मेनिंगोकॉकस दोनेक तासांत, न्यूमोकॉकस चारेक तासांत वाढेनासा होऊ शकतो. दवाखाना जितका लांब, तितकं कल्चर कोरं येण्याची शक्यता अधिक. म्हणून पीसीआर ही रेणवीय चाचणी शहरातल्या मुलापेक्षा डोंगरातल्या मुलाला जास्त गरजेची आहे, असं माझं ठाम मत आहे.

पीसीआरला जिवंत जंतू लागत नाही, मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पुरतो. नळी 95 अंशांपर्यंत तापली की डीएनएचे दोन पदर सुटतात, 60 अंशांच्या आसपास उतरली की प्रत्येक पदराची नक्कल तयार होते; अशा 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. न्यूमोकॉकसचा लायटीए किंवा मेनिंगोकॉकसचा सीटीआरए हा जनुक सापडला की जंतूचं नाव काही तासांत हाती येतं. निरोगी मुलाचं पाठीतलं पाणी नितळ असतं, आजारात ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसू शकतं. सुईतून ठिबकणारे ते थेंब मोजकेच, आणि त्यांची पथ्यं मात्र दोन: कल्चरची नळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कारण गारठ्याने नाजूक जंतू मरतात, पीसीआरची नळी मात्र थंडच ठेवायची.

सुरुवातीचं औषध तर तेच, मग नाव कळून फरक काय, असा आक्षेप येतो. फरक मोठा आहे. मेनिंगोकॉकसला साधारण आठवडाभर उपचार पुरतात, न्यूमोकॉकसला दहा ते चौदा दिवस लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेनिंगोकॉकस निघाला तर जवळच्या संपर्कातल्यांना लगेच प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. या भागातली कितीतरी मुलं आश्रमशाळांत राहतात, एकमेकांशेजारी झोपतात. तिथे नाव कळणं म्हणजे आजार पसरण्याआधी अडवणं. लसींचंही तसंच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनिंगोकॉकस ए गटाची लस 2010 पासून आफ्रिकेत दिली गेली आणि तिथून तो गट जवळपास हद्दपार झाला. हे कळलं ते रुग्णांमधला गट ओळखत राहिल्यामुळेच. आपल्याकडे न्यूमोकॉकसची लस 2021 मध्ये देशभर पोचली. तिच्यानंतर कोणते प्रकार उरले, हे कोऱ्या कल्चरवरून कसं कळणार?

चाचणी चुकू शकते, हा आक्षेप मला मान्य आहे. हाताळणीत बाहेरचा डीएनए मिसळला तर नसलेला जंतू दिसतो, आणि कोणतं औषध लागू पडेल हे पीसीआर पुरेसं सांगत नाही. त्यामुळे कल्चर बंद करून चालणार नाही. खर्चाच्या आक्षेपाला उत्तर असं की यंत्र डोंगरावर न्यायलाच हवं असं नाही. क्षयासाठी वापरलं जाणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र छोट्या केंद्रांतही चालतं, ही उमेदीची गोष्ट. पण मेंदूज्वरासाठी आज नमुना खाली आणणं जास्त सोपं. लस ज्या शीतपेटीतून डोंगर चढते, तसल्याच पेटीतून ही नळी उतरू शकते.

खरी अडचण त्याआधीची आहे. पाठीतलं पाणी काढलं की मूल पांगळं होतं, ही भीती घराघरांत असते आणि आईबाप सहीला नकार देतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये टोचतात, हे त्यांना त्यांच्या बोलीत, घाई न करता आणि बोट ठेवून दाखवत सांगायला हवं.