फुकट गेमवर पीएच.डी. करायचीय? आधी 'दुष्परिणाम' हा शब्द बाजूला ठेवा

'पेट' पास झाली की पुढचा प्रश्न येतो विषयाचा. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, कुठल्याही विभागात जा, एक विषय हमखास ऐकायला मिळतो: 'ऑनलाइन गेम्सचे विद्यार्थ्यांवर होणारे दुष्परिणाम'. विषय वाईट नाही. अडचण अशी की उत्तर शीर्षकातच लिहून टाकलंय. मग संशोधन कशाचं करायचं? आज आपण फुकट मिळणारा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन ते वाढवत न्यायचा गेम, उदाहरणाला घेऊ आणि हा विषय नीट उलगडून बघू.

ओढ कशाची असते?

गेम फुकट आहे म्हणून लोक तो उतरवून घेतात. पण टिकून का राहतात, हा खरा प्रश्न. त्यावर बरंच काम झालेलं आहे. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये, चित्रं नसलेल्या, फक्त मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांतल्या लोकांचे चार प्रकार सांगितले: पातळ्या सर करणारे, जग धुंडाळणारे, ओळखी जोडणारे आणि दुसऱ्याला हरवण्यात मजा मानणारे. निक यी यांनी २००६ मध्ये खेळाडूंच्या उत्तरांवरून तीन मोठ्या प्रेरणा काढल्या: काहीतरी मिळवणं, माणसं जोडणं आणि त्या जगात रमून जाणं. त्याच वर्षी रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की यांनी वेगळी मांडणी केली. माणसाला आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटावं आणि आपलं कुणी असावं, या तीन गरजा गेम भागवतो, म्हणून तो ओढतो.

आता हे आपल्या बदनापूरला लावून बघा. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा घ्या. जाहिरात कधी निघेल माहीत नाही, निकाल कधी लागेल माहीत नाही, आणि चार वर्षं अभ्यास करूनही 'तू पुढे गेलास' असं सांगणारं कुणी नाही. गेममध्ये मात्र वीस मिनिटांत पातळी वाढते, आणि कुठल्या तरी दूरच्या शहरातला गडी 'भारी खेळलास' म्हणतो. ही ओढ खोटी नाही. ती मान्य केल्याशिवाय पुढचं काही समजत नाही, कारण गेम काढून घेतला तरी गरज तिथेच राहते.

मग तोटा कुठे आहे?

तोटा बघायचा असेल तर पैसे कुठून येतात ते बघा. 'गेनशिन इम्पॅक्ट' हा गेम २८ सप्टेंबर २०२० रोजी आला. खेळायला पूर्ण फुकट. पण हवं ते पात्र सोडतीत लागावं लागतं. सोडतीची तिकिटं खेळून मिळतात, नाहीतर विकत घेता येतात. कंपनीने जाहीर केलेले नियम असे: पंचतारांकित पात्र लागण्याची शक्यता ०.६ टक्के, ८९ वेळा नाही लागलं तर ९० व्या वेळी नक्की, आणि सगळं धरून सरासरी १.६ टक्के.

वही घ्या आणि गणित करा. प्रत्येक वेळी ०.६ टक्के आणि ९० व्याला हमी, एवढंच असेल तर एक पात्र लागायला सरासरी सुमारे ७० प्रयत्न लागतील, म्हणजे दर १.४३ टक्के येतो. पण जाहीर दर आहे १.६ टक्के, म्हणजे सुमारे ६२-६३ प्रयत्न. दोन आकडे जुळत नाहीत. याचा अर्थ ९० च्या आधीच कुठेतरी शक्यता वाढत असणार! खेळाडूंनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ही वाढ साधारण ७४ व्या प्रयत्नापासून दिसली. जाहीर आकड्यांवरून लपलेली यंत्रणा शोधणं, हेच संशोधन. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आता ही रचना काय करते बघा. ६० प्रयत्न वाया गेलेल्या मुलाला वाटतं, 'आता सोडलं तर आधीचं सगळं पाण्यात जाईल.' बक्षीस कधी मिळेल हे नक्की नसलं की माणूस जास्त चिकाटीने प्रयत्न करत राहतो, हे फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या पुस्तकातल्या कबुतरांपासून माहीत आहे. मटक्याच्या अड्ड्यावर बसणाऱ्याला ते पुस्तक न वाचताही माहीत होतं. वर पैसे थेट दिसत नाहीत. रुपयांचे स्फटिक, स्फटिकांची रत्नं, रत्नांची तिकिटं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका याच गुंतागुंतीवर बोट ठेवला. कंपनीने २ कोटी डॉलर भरायचं आणि १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशी खरेदी करू न देण्याचं मान्य केलं.

आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे किंवा तसा लाभ जिंकायच्या अपेक्षेने खेळले जाणारे खेळ बंद केले. पण इथे पैसे देऊन मिळतं एक पात्र, जे बाहेर विकायला अधिकृत परवानगीच नसते. मग हा खेळ कुठे बसतो? कायद्याच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न उचलावा.

तीन ठिकाणी सावध राहा

एक, सहसंबंध म्हणजे कारण नाही. झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांहून जास्त खेळाडूंची पाहणी केली. अशा सोडतींवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराची समस्याही जास्त दिसली. पण सोडतीमुळे जुगाराची सवय लागते की सवय असलेलेच सोडतीकडे वळतात? एका वेळच्या पाहणीतून हे कळत नाही, आणि लेखकांनी ते स्पष्ट सांगितलंय.

दोन, बातमी म्हणजे आकडेवारी नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळाजवळ पबजी खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली आल्याची बातमी सगळीकडे गाजली. घटना दुःखदच, पण एका घटनेवरून प्रमाण काढता येत नाही. तसंच पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली ती व्यसनामुळे नाही. आदेशातलं कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व हे होतं.

तीन, 'व्यसन' हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं लागतं. रोज चार तास खेळतो, एवढ्यावर कुणी रुग्ण ठरत नाही.

तुरीचा प्लॉट आणि खेळाडू

आपल्या गावात कृषी संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११ या तुरीच्या जातीतलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूर. नवी जात जुनीपेक्षा चांगली आहे हे कसं ठरवतात? शेताचे प्लॉट पाडायचे, कुठल्या प्लॉटमध्ये कुठली जात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं आणि उत्पादन मोजायचं. ही पद्धत १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात घडवली. आज ऑनलाइन कंपन्या हेच करतात. अर्ध्या लोकांना एक पडदा, अर्ध्यांना दुसरा. ज्यावर लोक जास्त वेळ थांबतात किंवा जास्त पैसे देतात, तो ठेवायचा. नाव ए/बी चाचणी. फरक इतकाच की इथे प्लॉट म्हणजे आपला मुलगा, आणि उत्पादन म्हणजे त्याचा वेळ. तुरीला संमती विचारावी लागत नाही, माणसाला लागते. म्हणून तुमच्या अभ्यासात १८ वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या.

विषय कसा मांडायचा?

'दुष्परिणाम' काढून असं लिहून बघा:

- बदनापूर तालुक्यातले स्पर्धा परीक्षेचे उमेदवार कोणती गरज भागवायला गेम खेळतात?
- सोडतीचा खरा दर समजावून सांगितल्यावर खर्च करायची इच्छा बदलते का?
- घरात एकच स्मार्टफोन असेल तर खेळण्याचा वेळ कोण ठरवतं, आणि बहिणीच्या वाट्याला किती येतो?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही, आणि एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात ते शोधता येतं. वेळ मोजताना मात्र फक्त 'किती तास खेळतोस?' असं विचारून थांबू नका. लोकांचा अंदाज आणि फोनमधली नोंद यांत बरीच तफावत पडते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय वापराची वेळ दिसते. परवानगी घेऊन ती उतरवून घ्या आणि सांगितलेला आकडाही शेजारी लिहा. त्या दोन रकान्यांमधल्या फरकावरही एक चांगलं प्रकरण लिहिता येईल.