सेटअपच्या पानावर पर्याय जास्त, म्हणून गाडी जास्त खरी?

रेसिंग गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "त्या गेममध्ये गिअर रेशोसुद्धा बदलता येतात, म्हणजे तो जास्त खरा." ऐकायला पटतं, पण तसं नाही. जीटी३ या शर्यतीच्या गाड्यांच्या प्रकारात गाडीला शर्यतीसाठी मान्यता मिळते तेव्हाच तिचे गिअर रेशो ठरून जातात. सर्किट बदललं म्हणून संघाला ते बदलता येत नाहीत. फॉर्म्युला वनमध्येही २०१४ पासून रेशो हंगामाआधीच जाहीर करावे लागतात. इटलीतल्या कुनोस सिमुलाझिओनी या कंपनीने २०१९ मध्ये 'असेटो कोर्सा कॉम्पेतिझिओने' हा जीटी३ गाड्यांचा गेम आणला, त्यात गिअर रेशोचा पर्याय नाही. हा नियमांना धरून घेतलेला निर्णय आहे, आणि मला तो फार आवडतो. 'असेटो कोर्सा'चा अर्थच मुळी 'शर्यतीचा सेटअप'.

दुसरा गैरसमज टायरमधल्या हवेचा. पेट्रोल पंपावर आपण गार टायरमध्ये ठरलेला आकडा भरतो आणि विसरून जातो. त्याच सवयीने अनेकजण सेटअपच्या पानावर कुणीतरी सांगितलेला आकडा टाकतात. पण तिथे भरता ती सुरुवातीची हवा. गाडी जोरात पळवली की रबर तापतं, आतली हवा तापते आणि दाब चढतो. जपायचा असतो तो हा चढलेला, गरम दाब. 'कॉम्पेतिझिओने'मध्ये २०२३ च्या सुधारणेनंतर कोरड्या ट्रॅकसाठी तो साधारण २६ ते २७ पीएसआय धरतात. त्याखाली टायर लिबलिबीत होतो, त्यावर गेला की रस्त्याला कमी चिकटतो.

आता मोंझाचं सर्किट घ्या. गाडी इथे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. कुर्वा ग्रांदे, दोन्ही लेस्मो आणि पाराबोलिका ही मोठी वळणं उजवीकडची, म्हणून भार डाव्या टायरांवर पडतो आणि तेच जास्त तापतात. समजा चार लॅपनंतर पुढच्या डाव्या टायरचा दाब २७.४ दिसतो आणि उजव्याचा २६.५. एका क्लिकला ०.१ पीएसआय बदलतो. मग डावीकडून सात-आठ क्लिक उतरवायचे, उजवीकडे हात लावायचा नाही. पुन्हा चार लॅप, पुन्हा बघायचं. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण खऱ्या पिटमधला इंजिनिअरही हेच करत असतो.

एखाद्या वेगवान खेळाडूचा सेटअप जसाच्या तसा उचलला की आपणही तितकेच वेगवान होऊ, या समजुतीचं उत्तरही यातच आहे. हवामान १० अंशांनी तापलं की टायरचा दाब साधारण एक पीएसआयने चढतो. त्याने २२ अंशांत जुळवलेले आकडे तुमच्या ३२ अंशांच्या शर्यतीत चुकणारच. शिवाय गाडीचा मागचा भाग किती हलता ठेवायचा, हे त्याने स्वतःच्या हाताला जमेल तसं ठरवलेलं असतं.

"गाडी जमिनीला जितकी टेकवू तितकी पळते" हा समज जुन्या गेमांनी रुजवला. गाडीच्या उंचीचा स्लायडर तळाला न्यायचा, तोटा काहीच नाही. प्रत्यक्षात तोटा किती होतो ते २०२३ मध्ये फॉर्म्युला वनच्या ऑस्टिनमधल्या शर्यतीत दिसलं. फॉर्म्युला वन गाडीच्या पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी असते. ती घासून ९ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. त्या आठवड्यात सरावाचं एकच सत्र होतं, त्यानंतर सेटअपला कुलूप लागलं. शर्यतीत चालक हॅमिल्टन दुसरा आला होता, लेक्लेर सहावा. दोघांच्याही फळ्या जास्त झिजलेल्या निघाल्या आणि दोघेही बाद झाले. ज्या गेममध्ये खाली केलेली गाडी कर्बवर आपटून उडते, तो गेम खरं बोलतोय.

वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारविषयीही असंच. बार कडक केला की पकड वाढते असं समजतात. पण टायरवर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. पुढचा बार कडक केला की वळणात बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त भार जातो, पुढच्या जोडीची एकूण पकड घटते आणि गाडी वळायचं सोडून सरळ ओढत जाते. मागचा कडक केला तर मागून सुटते. म्हणजे बार पकडीची पुढे-मागे वाटणी करतो, नवी पकड देत नाही. विंग गाडीला खाली दाबून पकड वाढवते, पण तिचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी २४० किलोमीटरला १२० च्या चौपट. त्यामुळे हळू वळणात गाडी घसरते म्हणून विंग वाढवण्यात फारसा अर्थ नाही.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल लावून खेळणारा कच्चा, हेही सरसकट खरं नाही. खऱ्या जीटी३ गाड्यांत दोन्ही असतात आणि व्यावसायिक चालक ती वापरतात. फॉर्म्युला वनमध्ये मात्र दोन्हींवर बंदी आहे.

माझा आग्रह एवढाच की आधी गेमने दिलेल्या सौम्य सेटअपवर वीस लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात काढून दाखवा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तुलना करताना टाकीत पेट्रोल तेवढंच ठेवा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. ६० लिटर संपलं की गाडी ४५ किलोंनी हलकी झालेली असते आणि लॅप आपोआप सुधारतो. त्याचं श्रेय नव्या सेटिंगला देऊन बसाल.