खाल्लेलं अंगी का लागत नाही?

“सगळं खातो हो, पण अंगी लागतच नाही!” एखादी आई असं म्हणाली, की शेजारपाजारच्या बायका सल्ले द्यायला पुढे होतात. सासूबाईंना वाटतं, सून नीट भरवत नसेल. आणि आईला मनातून वाटत राहतं, आपलंच काहीतरी चुकतंय. पण ‘अंगी लागणं’ म्हणजे नेमकं काय? एका अमेरिकन डॉक्टरांच्या संशोधनातून या प्रश्नाचं जे उत्तर निघालं, ते थेट आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांपाशी येऊन पोचतं.

या डॉक्टरांचं नाव जेफ्री गॉर्डन. १९४७ चा जन्म. १९७३ साली शिकागो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९८१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले. आतड्याचं अस्तर कसं घडतं, हा त्यांचा मूळ विषय. तो अभ्यासताना त्यांच्या लक्षात आलं, की आतडं एकटं नसतंच. त्यात अब्जावधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. जंतू म्हटलं की आपल्याला आजारच आठवतो. पण दुधाचं दही करणारेही जंतूच ना!

या वस्तीचं काम पाहण्यासाठी गॉर्डन यांनी बंदिस्त, निर्जंतुक पेट्यांमध्ये वाढवलेले उंदीर घेतले. त्यांच्या पोटात एकही जंतू नव्हता. मग साध्या उंदरांच्या आतड्यातले जंतू त्यांना दिले, जणू विरजणच लावलं. २००४ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा, की चौदा दिवसांत या उंदरांच्या अंगातली चरबी ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन! म्हणजे अन्न अंगी लागायला पोटातल्या या वस्तीचाही हात लागतो.

मग प्रश्न आला कुपोषित मुलांचा. आफ्रिकेतल्या मलावी देशात जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या तीन वर्षांच्या होईपर्यंत तपासण्यात आल्या. आई एक, घर एक, चूल एक. तरीही ४३ टक्के जोड्यांमध्ये एक मूल सुदृढ राहिलं आणि दुसरं कुपोषित झालं. कुपोषित मुलाच्या पोटातले जंतू उंदरांना देऊन वर तिथलंच निकस अन्न खाऊ घातलं, तर उंदीर झपाट्यानं खंगले. हे २०१३ चं संशोधन. दोन्ही लेकरांना सारखंच भरवणाऱ्या त्या आयांना आपण काय दोष देणार?

पुढचं काम झालं बांगलादेशात, ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेत, डॉ. तहमीद अहमद यांच्या सहकार्यानं. बाळ वाढतं तशी त्याच्या पोटातली वस्तीही वयाप्रमाणे वाढत जाते. पण २०१४ साली असं दिसून आलं, की कुपोषित मुलांमध्ये ती वयाच्या मानानं कोवळीच राहते. औषधी आहार दिला तर ती सुधारते, पण तात्पुरतीच.

मग या मंडळींनी वेगळा विचार केला. बाळाबरोबर या वस्तीलाही भरवलं तर? बाजारात सहज मिळणारे जिन्नस आधी उंदरांवर, डुकरांच्या पिलांवर आणि नंतर मुलांवर पारखून पाहिले. त्यातून निवड झाली कशाची? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचा लगदा आणि कच्चं केळं! सोबत साखर, तेल आणि जीवनसत्त्वं.

ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना हा आहार तीन महिने, दिवसातून दोनदा दिला. इतर मुलांना तांदूळ-मसुरीचा नेहमीचा पूरक आहार दिला. दोन्ही गटांत मिळून ११८ मुलांनी हा प्रयोग पुरा केला. नव्या आहारात उष्मांक कमी होते, तरी त्या मुलांची वजनं अधिक वेगानं वाढली. २०२१ साली हे जाहीर झालं.

मैत्रिणींनो, आता हे वाचून लगेच घरी मिश्रण घोटायला बसू नका हं! ते मोजून-मापून केलेलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं अन्न होतं. लहानग्याला अख्खे शेंगदाणे तर देऊच नयेत, घशात अडकतात. आपण एवढं करावं: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे अंगावरच्या दुधाबरोबर डाळी, भाज्या, फळं असं विविध अन्न मऊ करून. डॉक्टरांना विचारल्यावाचून अँटिबायोटिक देऊ नये, कारण त्यानं चांगले जंतूही मरतात. दर महिन्याला वजन करावं, आणि ते वाढत नसेल तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावं.

आणि पुढच्या वेळी कुणी आई “अंगी लागत नाही हो” म्हणाली, तर तिला बोल लावण्याआधी या जुळ्यांची गोष्ट जरूर सांगा.