हिशेब ग्राहकाच्या बोटाखाली

राजापेठेपासून जवाहर रोडपर्यंत पिढीजात दुकाने चालविणाऱ्या कुटुंबांत अलीकडे एक विषय वारंवार निघतो. मुले म्हणतात, "आपली वेबसाइट हवी." वडील विचारतात, "ती करून काय होणार?" वडिलांचा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो. दुकानाचे छायाचित्र, संस्थापकांचा फोटो, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक एवढ्यावर बहुतेकांची वेबसाइट संपते. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेइतकीच मूक असते. ग्राहकाने काही विचारावे आणि तिने उत्तर द्यावे, अशी सोय तिच्यात नसते.

ही सोय काय करू शकते, याचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण रेल्वेचे आहे. आयआरसीटीसीने २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले. त्यापूर्वी बडनेऱ्याहून मुंबईची जागा आरक्षित करण्यासाठी बहुधा खिडकीसमोर उभे राहावे लागे. पुढे तारीख आणि गाडी आपणच निवडून रिकाम्या जागा घरबसल्या पाहता येऊ लागल्या. गाडी तीच होती आणि डबेही तेच, पण माहितीची किल्ली प्रवाशाच्या हाती आली. मुंबईत १९४२ मध्ये चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचेही तसेच. भिंतींचे क्षेत्रफळ भरले की अंदाजे खर्च सांगणारे आणि निवडलेली छटा खोलीत कशी दिसेल हे दाखविणारे साधन त्यांच्या संकेतस्थळावर आहे. पूर्वी हा अंदाज रंगाऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे.

आता सराफीचे पाहू, कारण संशय सर्वाधिक तेथेच असतो. समजा, २२ कॅरेटचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि दागिना १० ग्रॅमचा आहे. सोन्याचे झाले १,००,००० रुपये. घडणावळ १२ टक्के धरल्यास १२,०००, त्या एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी म्हणजे ३,३६०. एकूण १,१५,३६०. घडणावळ ८ टक्के असेल तर हाच दागिना १,११,२४० रुपयांना पडतो. म्हणजे ४,१२० रुपयांचा फरक केवळ एका टक्केवारीत दडलेला आहे. वजन, नक्षीचा प्रकार आणि मोडीचे सोने भरताच हा हिशेब ओळीओळीने मांडणारे पान दुकानाने स्वतः दिले, तर घरातील स्त्रिया संध्याकाळी निवांत बसून बेत ठरवू शकतील. सरकारने हा मार्ग आधीच दाखविला आहे. १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य हॉलमार्किंगच्या जिल्ह्यांत दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आवश्यक झाला आणि 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाकून कोणालाही पडताळणी करता येते.

काही व्यापारी म्हणतील, हिशेब उघडा केला की घासाघीस वाढेल. माझा बँकेतील अनुभव याच्या उलट आहे. एक लाखाचे कर्ज, बारा महिने, १२ टक्के 'फ्लॅट' दर म्हटले की व्याज १२,००० आणि हप्ता ९,३३३ रुपये. तोच १२ टक्के दर घटत्या शिलकीवर लावला तर हप्ता सुमारे ८,८८५ आणि व्याज जेमतेम ६,६१९. फ्लॅट १२ म्हणजे प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. हप्त्याचे कोष्टक समोर ठेवून हे दाखविले की कर्जदार वाद घालीत नसे; उलट मुदत कमी-जास्त करून पाहू लागे. आता तर रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या निर्देशांनुसार किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जदारास वार्षिक प्रभावी दर व परतफेडीचा तक्ता असलेले मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. जे बँकेला सक्तीने करावे लागले, ते दुकानदाराने स्वेच्छेने केले तर त्याचा मान वाढेल.

कापडाच्या, टाइल्सच्या किंवा किराण्याच्या धंद्यातही असे एखादे साधन असू शकते. पडद्याच्या दुकानाने खिडकीची रुंदी-उंची विचारून किती मीटर कापड लागेल ते सांगावे. मात्र गल्ल्यावर दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा एकच प्रश्न निवडावा. दहा प्रश्नांची दहा बटणे केली तर ग्राहक एकही दाबणार नाही. पान मराठीत असावे आणि साध्या मोबाइलवर झटकन उघडावे.

एक खोड मात्र टाळावीच. उत्तर दाखविण्याआधी मोबाइल क्रमांक मागण्याची पद्धत पडली आहे. हे म्हणजे भाव विचारणाऱ्याला आधी घरचा पत्ता विचारण्यासारखे! वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. घेतलेला प्रत्येक क्रमांक ही यापुढे दुकानाची जबाबदारी आहे.

खरी अडचण तंत्राची नाही, रोजच्या शिस्तीची आहे. सकाळी भाव बदलला आणि पानावर कालचाच राहिला, तर दुपारी ग्राहक मोबाइल पुढे करून उभा राहील. त्या दिवशी दाखविलेला भाव पाळावाच लागेल. म्हणून भावासोबत तारीख आणि वेळ छापलेली असावी आणि तो भरण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे. पान तयार करून घेतानाच भाव व घडणावळ बदलण्याचा पासवर्ड दुकानाकडे राहील आणि संकेतस्थळाचे नाव दुकानाच्याच मालकीचे असेल, असे लेखी ठरवून घ्यावे.