बेपत्ता व्यक्ती आणि देहोपस्थितीचा आदेश

अपहरण आणि सक्तीने बेपत्ता करणे ह्यांतील मुख्य भेद कर्त्यात आहे. सामान्य अपहरणकर्ता कायद्यापासून लपतो. दुसऱ्या प्रकारात राज्यसंस्थेचे सेवकच मनुष्याला ताब्यात घेतात आणि पुढे तो आपल्याजवळ नसल्याचे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारानुसार हा नकार अपराधाचाच एक घटक होय.

महाराष्ट्रातील ख्वाजा युनूस ह्यांचे प्रकरण ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. परभणीच्या ह्या तरुण अभियंत्यास घाटकोपर बाँबस्फोटाच्या तपासात डिसेंबर 2002 मध्ये अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये, पारनेरजवळ वाहनास अपघात झाला असता तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. परंतु कोठडीतून जिवंत परतलेल्या, पुढे निर्दोष ठरलेल्या एका सहआरोपीने त्यास अमानुष मारहाण होताना पाहिल्याचे सांगितले. कुटुंबाने उच्च न्यायालयात दाद मागितली. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासानंतर 4 पोलिसांवर खुनाचा आरोप आला. मृतदेह मात्र मिळाला नाही.

देहोपस्थितीचा आदेश बंदिवानास न्यायालयापुढे आणावयास लावतो. ‘तो पळाला’ ह्या उत्तराने त्याची धार बोथट होते. अशा वेळी जिवंत परतलेल्याची साक्ष आणि आई आसिया बेगम ह्यांच्यासारख्या आप्तांची चिकाटी हेच न्यायाचे आधार उरतात. भारताने 2007 मध्ये उपरोक्त करारावर स्वाक्षरी केली. अनुसमर्थन केलेले नाही. स्वतंत्र अपराधाची तरतूद नसल्याने मृतदेहावाचून खून सिद्ध करण्याचे ओझे अभियोगपक्षावर पडते.